नवीन बाई आल्या, त्यांच्या हातात काय दिलं?

आजच्या एपिसोडमध्ये लढाया नाहीत, किल्ले नाहीत, कुणाचा राज्याभिषेकही नाही. आज आपण स्टाफरूममध्ये जाणार आहोत.

दर वर्षी जून-जुलैत एक फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर येऊन जातो. एखादं कॉलेज किंवा विद्यापीठाचा एखादा विभाग, मागे फ्लेक्स, त्यावर ‘नवनियुक्त प्राध्यापकांचे हार्दिक स्वागत’. पुढे चार-पाच जण हातात गुलाबाचं फूल धरून उभे, एकाच्या खांद्यावर शाल घसरत चाललेली. ठाणे, कल्याण, डोंबिवली, कुठेही जा, फोटो तोच. मागच्या महिन्यात असाच एक फोटो पाहिला, शिक्षणशास्त्र विभागाचा. आणि मनात आलं, की आपल्याकडे नव्या शिक्षकाचं स्वागत नक्की कसं होत आलंय? आमच्या आयटीत पहिल्या दिवशी लॅपटॉप, आयडी कार्ड आणि चारशे पानांची पॉलिसी देतात. मास्तरांना काय देत होते?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण माझ्यासारख्या बीटेकवाल्यांना शिक्षणशास्त्र विभाग म्हणजे काय हेच बहुतेक वेळा माहीत नसतं. गणित विभाग गणित शिकवतो. शिक्षणशास्त्र विभाग ‘शिकवायचं कसं’ हे शिकवतो. बी.एड., एम.एड. तिथलं. तिथे येणारी मुलं उद्या शिक्षक होणार, आणि ते शिक्षक परवा हजारो मुलांसमोर उभे राहणार. म्हणजे तिथे आलेला एक नवा माणूस चांगला निघाला, तर त्याचा परिणाम टिटवाळ्याच्या एखाद्या सहावीच्या वर्गापर्यंत पोचतो. वाईट निघाला तरी पोचतो.

असं म्हटलं की सावित्रीबाई फुले आठवतात, आणि आठवायलाच हव्यात. १८४८, पुणे, भिडेवाडा. शाळेच्या वाटेवर त्यांचं स्वागत शेणानं झालं. ती गोष्ट तुम्हाला माहीत आहे, म्हणून मी तिथे थांबत नाही. रस्त्यानं केलेलं स्वागत ते. मला आज बघायचंय की आत, संस्थेनं, सहकाऱ्यांनी काय केलं. त्यासाठी आधी पुण्यातच, पण त्रेचाळीस वर्षं पुढे जाऊ.

१८९१. फर्ग्युसन कॉलेज सुरू होऊन सहा वर्षं झालीत. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं हे कॉलेज, आणि सोसायटी चालवतात तिचे आजीव सदस्य. ही व्यवस्था समजून घ्या, कारण सगळी गंमत तिच्यात आहे. आजीव सदस्य व्हायचं म्हणजे वीस वर्षं इथेच शिकवायचं असं वचन द्यायचं. महिना पंचाहत्तर रुपये. वीस वर्षांचा बॉण्ड! आपल्याकडे दोन वर्षांचा बॉण्ड म्हटलं तरी लोक लिंक्डइन उघडून बसतात. पण या बॉण्डची दुसरी बाजू अशी होती, की संस्थेचे मालकही हेच. वर कुणी शेठजी नाही, सरकारी साहेब नाही. संस्थेचे निर्णय घ्यायला बसायचं ते याच शिक्षकांनी. स्टार्टअपच्या भाषेत सांगायचं तर पगार कमी, पण पहिल्या दिवसापासून इक्विटी.

अर्थात जिथे सगळे मालक, तिथे भांडणंही मालकांसारखीच होणार. आजीव सदस्यानं बाहेरची कामं करावीत का, बाहेरून पैसे घ्यावेत का, यावरून वर्षानुवर्षं वाद चालला होता. टिळकांचं म्हणणं, सगळा वेळ आणि सगळी शक्ती संस्थेला. बाकीच्यांना ते तितकं ताणणं मान्य नव्हतं. आगरकरांशी सामाजिक सुधारणांवरून खटका उडालेला होताच. शेवटी १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. आणि टिळक शिकवत होते गणित. गणिताला माणूस हवा होता.

त्या वेळी गोपाळ कृष्ण गोखले होते पंचवीस वर्षांचे. त्यांनी मुंबईला निरोप धाडला धोंडो केशव कर्व्यांना. दोघेही १८८४ चे पदवीधर, दोघेही एल्फिन्स्टन कॉलेजचे, पण कर्वे वयानं आठ वर्षांनी मोठे. शिक्षणाच्या वाटेवर त्यांची बरीच वर्षं खर्ची पडली होती. कोकणातलं मुरूड, तिथून परीक्षेसाठी पायपीट, पैशांची ओढाताण, हे सगळं मागे होतं.

आणि मुंबईत ते काय करत होते? एका ठिकाणी नोकरी नव्हती. या शाळेत काही तास, त्या शाळेत काही तास, वर खाजगी शिकवण्या. आजच्या भाषेत तासिका तत्त्वावर. धोंडो केशव कर्वे, पुढे भारतरत्न झालेले, तेहेतिसाव्या वर्षी मुंबईत तासांवर शिकवणारे मास्तर होते. त्याच साली त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. अशा अवस्थेत हे बोलावणं आलं. टिळकांसारख्या माणसाच्या जागी जाऊन उभं राहायचं! मी असतो तर पोटात गोळा आला असता.

कर्वे गेले. १८९१ च्या शेवटी रुजू झाले, आणि वर्षभरात आजीव सदस्यही झाले. म्हणजे कालपर्यंत तासांवर शिकवणारा माणूस आज संस्थेच्या बैठकीत मत द्यायला बसला. माझ्या दृष्टीनं हे खरं स्वागत.

त्याचा कस दोनच वर्षांत लागला. मार्च १८९३ मध्ये कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई विधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या. मुरूडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांना वाळीत टाकलं. वाळीत टाकणं ही तेव्हा फार मोठी गोष्ट होती, आई-वडील-भाऊ सगळ्यांचं जगणं अडायचं. पण फर्ग्युसनमधली त्यांची जागा गेली नाही. ते १९१४ पर्यंत तिथे गणित शिकवत राहिले. पायाखाली ती जमीन पक्की होती, म्हणून १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम निघाला आणि पुढे १९१६ मध्ये महिलांचं विद्यापीठ. तेच आजचं एसएनडीटी. पुढच्याच वर्षी, १९१७ मध्ये, प्राथमिक शाळांसाठी शिक्षिका तयार करायची शाळाही त्यांनी काढली. म्हणजे बघा, गणिताच्या एका रिकाम्या खुर्चीपासून आपण शिक्षिकांच्या प्रशिक्षणापर्यंत येऊन पोचलो.

पण इथे फार भारावून जाऊ नका. ती आजीव सदस्यांची बैठक कुणाकुणाची होती? सगळे पुरुष, आणि जवळपास सगळे पुण्याच्या एकाच थरातले. आतल्या माणसाला आत घेणं सोपं असतं. कर्वे कितीही बंडखोर असले तरी बैठकीतल्या लोकांना ते ओळखीचे होते, त्यांच्यातलेच होते. बाहेरचा माणूस आला तर काय होतं, हे बघायला आता मुंबईच्या एका स्टाफरूममध्ये जाऊ.

नोव्हेंबर १९१८. सिडनहॅम कॉलेज, सरकारी कॉमर्स कॉलेज. तिथे राजकीय अर्थशास्त्राचे नवीन प्राध्यापक रुजू झाले, डॉ. भीमराव आंबेडकर. वय सत्तावीस, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले. लंडनचं शिक्षण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यानं अर्धवट सोडून यावं लागलं होतं. बडोद्याच्या नोकरीत राहायला जागासुद्धा कुणी दिली नव्हती, तो अनुभव ताजा होता. आता मुंबईत, एका सरकारी कॉलेजात, सुशिक्षित सहकाऱ्यांमध्ये ते आले. आणि प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्यातून त्यांनी पाणी पिण्याला सहकाऱ्यानं हरकत घेतली.

वर्गात काय झालं माहितीये? सुरुवातीला मुलांनी या नव्या प्राध्यापकाकडे फारसं लक्ष दिलं नाही. नंतर त्यांच्या तासांना दुसऱ्या कॉलेजची मुलंही येऊन बसायला लागली. मुलांना कळायला काही आठवडे लागले, स्टाफरूमला तेवढंही जमलं नाही. १९२० मध्ये पैसे साठवून आंबेडकर पुन्हा लंडनला गेले, अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला. सिडनहॅमच्या खोलीत तेव्हा कुणी सत्काराचं फूल दिलं असेल की नाही, मला त्यात रस नाही. माठातलं पाणी मिळायला हवं होतं.

बरं. या दोन स्टाफरूम झाल्या गणिताच्या आणि अर्थशास्त्राच्या. ‘शिकवायचं कसं’ हे शिकवणाऱ्यांचं काय? त्यांची सोय बराच काळ विद्यापीठाच्या अंगणाबाहेरच होती. मुंबईत १९०६ मध्ये सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघालं, हायस्कूलच्या शिक्षकांसाठी. प्राथमिक शिक्षकांची ट्रेनिंग कॉलेजं त्याहून आधीची, पण ती वेगळीच दुनिया. १९६४ ते ६६ चा कोठारी आयोग, ज्याचे सदस्य-सचिव आपले कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते, त्या आयोगानं हेच दुखणं नेमकं धरलं होतं. एकीकडे विद्यापीठ, एकीकडे शाळा, आणि मधे शिक्षकांचं प्रशिक्षण दोन्हींपासून तुटलेलं, असं त्यांचं निदान होतं. अहवालाबद्दल अजून बोलत नाही, झोप येईल तुम्हाला.

पण कोठारी आयोगाच्या वीस वर्षं आधी आपल्या ठाणे जिल्ह्यात एक असं ठिकाण सुरू झालं होतं, जिथे शाळा आणि शिक्षक-प्रशिक्षण एकाच अंगणात होतं. एका विभागाची इमारत वगैरे नाही, एक समुद्रकाठचं गाव आणि नंतर एक टेकडी. आणि तिथे आलेल्या एका नवीन बाईंचं स्वागत मला या सगळ्यांत जास्त शिकवून जातं.

आधी काळ डोळ्यांसमोर आणा. १९४५. आणि ‘ठाणे जिल्हा’ म्हणजे तेव्हाचा, अखंड. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. त्याआधी मुरबाडपासून तलासरीपर्यंत सगळं ठाणेच. कल्याण-डोंबिवलीकरांनो, या गोष्टीची सुरुवात तुमच्या लोकलच्या रूटवर आहे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं. आज आपण टिटवाळ्याला गणपतीला जातो, तेच. या अधिवेशनाला उंबरगाव-डहाणू भागातले काही वारली आले होते. त्यांच्या भागात काय चाललं होतं? वेठ. जमीनदाराकडे फुकट राबायचं. आणि लग्नगडी. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले की नवरा-बायको दोघं गडी म्हणून बांधली जायची, कधी कधी आयुष्यभर.

गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर तिथे गेले. गोदावरीबाई म्हणजे गोखल्यांनी काढलेल्या भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य. ‘आजीव सदस्य’ हा शब्द बघा पुन्हा आला! पण त्या तिथे थांबल्या नाहीत, किसान सभेच्या कामात उतरल्या. मे महिन्यात झरी इथे वारल्यांनी वेठ नाकारायचं ठरवलं. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण गेले. त्यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे सगळं आहे. ते पुस्तक वाचाच, पण आपली गोष्ट त्याच पट्ट्यातल्या शेजारच्या एका गावात घडते, त्याच वर्षाच्या शेवटी.

गाव बोर्डी. डहाणूच्या वरच्या अंगाला, समुद्राकाठी. तिथे एक चांगलं हायस्कूल आधीपासून होतं, आचार्य भिसे यांच्यामुळे नावारूपाला आलेलं. ते चालवायची गोखले एज्युकेशन सोसायटी. कुठले गोखले? तेच, ज्यांनी कर्व्यांना बोलावलं होतं, त्यांच्या नावानं काढलेली संस्था. महाराष्ट्र तसा लहानच आहे हो.

बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढायचं ठरवलं ताराबाई मोडक यांनी. ताराबाईंचा सीव्ही ऐका. जन्म १८९२. १९१४ ची बी.ए. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य. म्हणजे शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजच्या प्रमुख, त्या काळात, एक मराठी बाई. ती नोकरी सोडली, कारण भावनगरला गिजुभाई बधेका नावाचा एक माणूस लहान मुलांना न मारता, न घोकवता शिकवत होता, आणि यांना ते बघायचं होतं, करायचं होतं. १९२६ मध्ये दोघांनी मिळून नूतन बाल शिक्षण संघ काढला. १९३६ मध्ये ताराबाई मुंबईला आल्या, दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केलं. तिथे बालवाडी आणि तिला जोडून बालशिक्षिकांचं प्रशिक्षण. मॉण्टेसरीची साधनं, स्वच्छ खोल्या, मध्यमवर्गीय पालक. छान चाललं होतं.

आणि नेमकं तेच त्यांना टोचत होतं. मॉण्टेसरी म्हणजे फी भरणाऱ्यांची चैन, असं व्हायला लागलं होतं. (आज ठाण्यात कुठल्याही हाउसिंग कॉम्प्लेक्सच्या खाली ‘मॉण्टेसरी’ची पाटी आणि तिची फी बघा, आणि मला सांगा ताराबाईंची भीती खोटी होती का.) तेव्हा त्यांचं वय त्रेपन्न. या वयात त्यांनी ठरवलं की आता खेड्यात जायचं.

पण तिथे राहून काम करणारं माणूस? १९४५ मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं शिबिर होतं, खेड्यात काम करू इच्छिणाऱ्या बायकांसाठी. तिथे ताराबाईंनी विचारलं, बोर्डीला कोण येईल. अनुताई वाघ तयार झाल्या.

आता त्यांचा सीव्ही. जन्म १९१०, गाव मोरगाव. तेराव्या वर्षी लग्न, आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात प्राथमिक शिक्षिकेचं प्रशिक्षण. मग नोकरी, आणि नोकरी करत रात्रशाळेतून मॅट्रिक. हुजूरपागेत अनेक वर्षं शिकवलं. वय पस्तीस. पदवी नाही. बी.ए. त्या झाल्या पन्नाशी ओलांडल्यावर, कोसबाडला असताना!

म्हणजे आजच्या नियमांत ही बाई शिक्षणशास्त्र विभागाच्या मुलाखतीच्या दारापर्यंतसुद्धा पोचली नसती. नेट-सेट नाही, पीएचडी नाही, एम.एड. नाही. ऑनलाईन फॉर्मच सबमिट झाला नसता, लाल अक्षरांत एरर आली असती. नियम नकोत असं मी म्हणत नाहीये. नियम नसले की कुणाचा भाचा लागतो तेही आपल्याला माहीत आहे. मी एवढंच दाखवतोय, की ताराबाई समोरच्या माणसात काय बघत होत्या.

आणि स्वागत? बोर्डीत अनुताईंना मिळालं एक गाव. ताराबाई मार्गदर्शक, पण रोजचं काम, रोजचे निर्णय अनुताईंचे. पहिलाच प्रश्न असा आला जो शिशुविहारमध्ये कधी आलाच नव्हता. मुलं येतच नाहीत. गरीब वस्तीतली मुलं शाळेच्या इमारतीकडे फिरकत नव्हती. आपण असतो तर ‘अवेअरनेस’ केला असता, पोस्टर लावली असती. यांनी शाळाच उचलून वस्तीत नेली, कुणाच्या तरी घरापुढच्या अंगणात. तिथेच मुलांना आंघोळ, तिथेच गाणी, गोष्टी, खेळ. महागड्या मॉण्टेसरी साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं. समुद्र शेजारीच होता, साहित्याला तोटा नव्हता. अंगणात भरणारी वाडी म्हणून नाव पडलं, अंगणवाडी.

हो, तोच शब्द. १९७५ मध्ये २ ऑक्टोबरला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा हा शब्द देशभर गेला. आज पंजाबात, तमिळनाडूत, आसामात सरकारी कागदावर ‘अंगणवाडी’ लिहिलं जातं. जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या एका गावातून तो तिथे गेलाय. आपण ठाणेकर वडापावच्या गाडीवरून अभिमान बाळगतो, यावरून कुणी स्टेटस ठेवल्याचं मी पाहिलं नाही.

१९५७ च्या सुमारास काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बोर्डी निदान हायस्कूल असलेलं गाव होतं. कोसबाड म्हणजे थेट वारल्यांमध्ये. तिथे अंगणवाडीही पुरेना. कारण मुलं अंगणात नव्हतीच, ती गुरांमागे रानात होती. थोडी मोठी मुलगी असेल तर तिच्या कडेवर धाकटं भावंडं. मग विकासवाडी उभी राहिली. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. ताईनं धाकट्याला पाळणाघरात ठेवायचं आणि शेजारच्या वर्गात बसायचं. मला विचाराल तर इतकं साफ डिझाईन मी आमच्या क्षेत्रातही कमी पाहिलंय. अडचण कुठे आहे ते शोधलं आणि नेमकी तिथेच खोली बांधली. आणि जी मुलं गुरं सोडून येऊच शकत नव्हती त्यांच्यासाठी कुरणशाळा. गुरं चरतायत, शिक्षक कुरणात, शाळा सुरू.

आता प्रशिक्षणाकडे या, कारण आपला विषय तो आहे. या टेकडीवर बालवाडीच्या शिक्षिका तयार केल्या जात. ज्या अंगणात मुलं खेळत होती त्याच अंगणात उद्याच्या शिक्षिका बसून बघत, करत, चुकत. सकाळी जे शिकवलं त्यावर दुपारी चर्चा. कोठारी आयोगाला जो तुटलेपणा दिसला होता तो इथे नव्हताच, कारण दोन्ही गोष्टी पन्नास पावलांवर होत्या. नव्यानं आलेल्या बाईला पुस्तकातलं मूल आणि समोरचं मूल यातला फरक पहिल्याच दिवशी कळायचा. पुस्तकातल्या मुलाच्या कडेवर भावंडं नसतं.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. तोवर त्यांना पद्मभूषण मिळालं होतं. त्यानंतर संस्थेचा भार पूर्णपणे अनुताईंवर आला. पण ही काही वारसदाराला गादी मिळाल्याची गोष्ट नाही. अनुताई २८ वर्षं तेच काम करत होत्या, स्वतःच्या डोक्यानं. मोठ्या माणसांच्या संस्थांचं पुढे काय होतं ते आपण बघतो. संस्थापक गेले की दुसऱ्या फळीतलं माणूस बावचळतं, कारण त्याला कधी काही ठरवूच दिलेलं नसतं. कोसबाडला तसं झालं नाही. अनुताई आणखी एकोणीस वर्षं तिथे होत्या. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९९२ मध्ये कोसबाडलाच त्यांचं निधन झालं. म्हणजे एका शिबिरात ‘मी येते’ म्हणाल्यावर ४७ वर्षं.

कर्व्यांची वीस वर्षांची शपथ यापुढे लहान वाटते. आणि अनुताईंनी कुठल्या बॉण्डवर सही केली होती असंही नाही.

आता पुन्हा त्या फोटोकडे, गुलाबाच्या फुलाकडे. आज आपल्या भागात कॉलेजात नव्यानं लागणाऱ्या कितीतरी जणांना जे मिळतं त्याचं नाव आहे तासिका तत्त्व. जितके तास घेतले तितके पैसे. मे महिन्यात वर्ग नाहीत, म्हणून मानधन नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा ‘हार्दिक स्वागत’. सकाळी कल्याणला दोन तास, दुपारी ठाण्याला दोन तास, मधे मुंब्र्याच्या खाडीजवळ थांबलेल्या लोकलमध्ये उभ्यानं नोट्स वाचणं. १८९१ आधीचे कर्वे असेच जगत होते. फरक असा, की त्यांना फर्ग्युसनचं बोलावणं आलं.

शाळांत बघितलं तर शिक्षणसेवक. तीन वर्षं ठराविक मानधनावर, मग कायम. २०२३ पर्यंत प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिन्याला सहा हजार मिळत होते. २०२३ मध्ये ते सोळा हजार झाले. आणि अंगणवाडी? बोर्डीच्या अंगणातून देशभर गेलेल्या त्या शब्दापुढे आज ‘सेविका’ लागतं आणि पगाराच्या जागी ‘मानधन’. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या, त्यांच्या मागण्यांत वेतनश्रेणी होती, ग्रॅच्युइटी होती. बातम्यांत तेव्हा ‘बालकांच्या पोषण आहारावर परिणाम’ असं बरंच आलं. या बाई शिक्षिका आहेत, हे फार कमी ठिकाणी आलं.

काही जण म्हणतील, अनुताईंनी तरी पैशासाठी कुठे केलं? हा युक्तिवाद मला अजिबात पटत नाही. कुणी त्याग केला म्हणून पुढच्या सगळ्यांकडून तो वसूल करायचा नसतो. शिवाय अनुताईंकडे पैसा नव्हता, पण अधिकार होता. शाळा कुठे भरवायची, कधी भरवायची, कशानं शिकवायचं, हे त्या ठरवत होत्या. कर्व्यांकडे बैठकीतलं मत होतं. आजच्या तासिकावाल्या सरांना स्टाफ मीटिंगला बोलावतात का, एवढं एकदा तुमच्या कॉलेजात विचारून बघा. आणि अंगणवाडीच्या बाईंना विचारा, की मुलांबरोबर जास्त वेळ जातो की मोबाईलच्या ॲपमध्ये आकडे भरण्यात.

नव्या शैक्षणिक धोरणानं, २०२० च्या, चार वर्षांची एकत्रित बी.एड. पदवी आणलीये, आणि ती विद्यापीठांत, मोठ्या कॉलेजांत व्हावी असं म्हटलंय. म्हणजे शिक्षणशास्त्र विभागांत नवी माणसं लागणार. फोटो अजून निघणार.

कोसबाडची टेकडी बघायची असेल तर डोंबिवलीकरांसाठी रूट सांगतो. कोपरला वरच्या प्लॅटफॉर्मवरून दिवा-वसई लाईनची गाडी पकडा, तिचं टाइमटेबल आधी बघून ठेवा, कारण एक चुकली की पुढची लवकर येत नाही. वसईला उतरून डहाणू रोडची लोकल. लोकल तिथेच संपते. पुढे रिक्षा किंवा एसटीनं कोसबाड, आणि वेळ असेल तर समुद्राकडेनं बोर्डी. चिकूच्या दिवसांत गेलात तर घोलवडच्या वाड्यांमधून परत येताना पिशवी रिकामी ठेवू नका. आणि वाटेत कुठल्या घरापुढे अंगणवाडी भरलेली दिसली, तर मोबाईल खिशात ठेवून पाच मिनिटं लांबून बघा, बाई काय करतायत ते.